बिनपाटलाच्या बाई

पहिल्या शनिवारी बाई वर्गात आल्या आणि कुणाशी काही न बोलता त्यांनी शिक्षकांची खुर्ची उचलली. आम्हाला वाटलं, पाय मोडका असेल. त्यांनी ती सरळ वर्गाबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली, दार लावून घेतलं, हात झटकले आणि म्हणाल्या, "बघा. आता या खोलीत खुर्ची नाही. शिक्षा करणारं कुणी नाही, तक्रार ऐकणारं कुणी नाही. तुम्ही नऊ जण आहात आणि दार बंद आहे. हे झालं आंतरराष्ट्रीय राजकारण. गावाला पाटील असतो, जगाला पाटील नाही. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं."

एवढं बोलून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाच मिनिटं खरोखरच गप्प राहिल्या. आधी आम्ही खिदळलो. मग वर्गातल्या एकुलत्या एका चालू पंख्याखाली बसलेल्या मुलाला दुसऱ्याने ढकललं. पहिल्याने मागच्या बाकावरच्या दोघांना मदतीला बोलावलं. ढकलणारा माझ्याकडे वळून म्हणाला, "तू आमच्या साइडला ये, तुला पण हवा मिळेल." बाई आनंदाने टाळी वाजवत वळल्या. "पाच मिनिटं! पाच मिनिटांत युती झाली! आणि मी अजून व्याख्यासुद्धा सांगितलेली नाही!"

त्या दिवसापासून सगळं कॉलेज त्यांना 'बिनपाटलाच्या बाई' म्हणायला लागलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंय की. आडनावापेक्षा लवकर लक्षात राहतं."

हे सगळं एक्क्याण्णव साली. मी एफ.वाय.ला होते. आमचं कॉलेज नवीन होतं, एका शाळेच्या इमारतीत सकाळी भरायचं आणि साडेबाराला शाळेच्या मुलांचा लोंढा आला की आम्हाला आवरावं लागायचं. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय संबंध नव्हतेच. तो विषय तिसऱ्या वर्षाला. पण बाईंना तेवढा धीर कुठला! "तोपर्यंत जग थांबणार आहे का?" असं म्हणून त्यांनी शनिवारी कॉलेज सुटल्यावर, शाळेला सुट्टी असायची म्हणून, जादा वर्ग सुरू केला. परीक्षेत एक मार्क मिळणार नव्हता. तरी आम्ही नऊ जण शेवटपर्यंत नऊच राहिलो.

बाई मराठवाड्यातल्या. भायंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागच्या बाजूला एका खोलीत एकट्या राहायच्या. एरवी त्यांची भाषा अगदी पुस्तकी, धुतल्यासारखी स्वच्छ. पण विषय रंगात आला की त्यांचं गाव तोंडावाटे बाहेर पडायचं. "अगं लेकरा, काय म्हणायलीस तू! हेच तर मी कवापासून सांगायलेय!" असं त्या ओरडल्या की आम्ही ओळखायचो, आता दीड वाजला तरी वर्ग सुटत नाही. बोलता बोलता खडूचा हात केसांतून फिरवायच्या आणि तासाच्या शेवटी त्यांचे केस पांढरे झालेले असायचे. तेव्हा त्या जेमतेम तिशीच्या असतील.

मी पालीची, म्हणजे भायंदरच्या पश्चिमेला समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली. आमचं घर ख्रिस्ती मच्छीमाराचं, चर्चला देऊळच म्हणणारं. कॉलेजपर्यंत पोचलेली घरातली मी पहिली, आणि तीसुद्धा एका अटीवर. समुद्रात रोवलेल्या मोठमोठ्या खुंटांना डोल जाळं बांधतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. ज्याच्या त्याच्या खुंटांची जागा ठरलेली असते, तिला कव म्हणतात. आमची कव आजोबांच्या बापापासूनची, जवळा-बोंबलाच्या वाटेवरची, गावात नावाजलेली. बाबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "बाय, कव चालली तं शीक, माझा काय इरोध न्हाय. कव बसली तं आयच्या बाजूला टोपली घेऊन बसायचं." आई रोज भायंदरच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या शेजारी बसण्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण त्या शनिवारनंतर मला तिथे बसायचं नव्हतं, एवढं खरं.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी आम्हाला देश वाटले. वर्षभर ज्याने त्याने आपला देश व्हायचं. पेपरात आपल्या देशाचं काय आलं ते सांगायचं, आणि कुणी आपल्यावर काही आरोप केला की उभं राहून उत्तर द्यायचं. केबिन रोडवर ज्याच्या वडिलांचं साडीचं दुकान होतं तो जिग्नेश उंच आणि दांडगा, म्हणून त्याला सोव्हिएत युनियन मिळालं. तो महिनाभर छाती काढून फिरत होता. मला मिळालं आइसलँड. सगळे हसले. कोळ्याची मुलगी आणि तिला बर्फाचा देश! मी रुसून म्हटलं, "मॅडम, मला मोठा देश द्या ना. ह्याच्याकडे तर धड सैन्यही नाही."

"मोठ्यांचं सैन्यावर भागतं," बाई म्हणाल्या. "थिअरी लागते ती लहानांना. तू वाच तर खरं."

मी वाचलं. लायब्ररीतल्या एका जुन्या जाडजूड पुस्तकात मला सापडलं की या टीचभर देशाने माशांच्या हद्दीवरून थेट ब्रिटनशी भांडण काढलं, त्यांच्या बोटींची जाळी कापली आणि शेवटी माघार घेतली ती ब्रिटनने! मासे, जाळी, हद्द, सगळं आमच्या घरातलं, आणि ते इंग्रजी पुस्तकात छापलेलं. भायंदरहून पालीला जाणारी बस राई-मुर्ध्याच्या मिठागरांवरून धडधडत निघाली होती आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात ब्रिटनला दम देत होते.

पुढचे दोन महिने मी घरात सगळ्यांना वीट आणला. दोन काकूंचं नळावरून वाजलं की मी म्हणायचे, हा शक्तिसंघर्ष आहे. आत्याने एकीशी बोलणं टाकलं की, हा बहिष्कार. बसच्या रांगेत घुसणाऱ्याला कुणी काही बोललं नाही की मी शेजारणीला सांगायचे, "बघितलंत, सामूहिक सुरक्षा फेल गेली." आई म्हणायची, "या पोरीला कुणाची नजर लागली गं." बलसंतुलन, धाक, युती, तटस्थता... एकेक शब्द मिळाला की एकेक दिवा लागल्यासारखं वाटायचं. इतकी वर्षं जे नुसतं डोळ्यांसमोर घडत होतं त्याला नाव होतं! आज मी स्वतः हा विषय शिकवते, पण तो पहिला आनंद पुन्हा तसा मिळाला नाही.

त्या दिवसांत एकदाच मी बाईंना थोडं गंभीर झालेलं पाहिलं. मी विचारलं होतं, "मॅडम, जगालापण पाटील असता तर बरं झालं असतं ना? भांडणंच झाली नसती."

बाई खडू खाली ठेवून म्हणाल्या, "आमच्या गावाला पाटील होता. त्याच गावात आमच्या माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. पाटलाला ठाऊक नव्हतं असं नाही. शेवटी माझ्या आजोबांनी आणि आमच्या वस्तीतल्या दहा-बारा घरांनी मिळून वेगळी विहीर खणली. कुणी हुकूम दिला नव्हता, आपसात ठरवलं आणि खणली. या पुस्तकांत लिहिलंय, वर कुणी नसलं की माणसाला भीती वाटते. लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर कधी पाटील बसला नसणार."

"मग वर कुणी असलेलं बरं की नसलेलं?" मी विचारलं.

"त्याचं उत्तर मिळत नाही म्हणून तर हा विषय घेतला," असं म्हणून त्यांनी फळा पुसायला घेतला.

आणि मग सप्टेंबरात मी युद्ध सुरू केलं.

झालं असं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याची ओढ मंद असते तेव्हा, समुद्रात खुंट ठोकतात. बाबा आमची कव नीट करायला गेले तर आमच्या खुंटांना अगदी खेटून दोन नवे खुंट उभे. उत्तरेच्या शेजारच्या गावाचे. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, आता तिथे आमची सोयरीक झालेली आहे. ते खुंट पास्कलकाका नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याचे होते हे बाबांनी बांधणीवरून ओळखलं. बाबा संतापले नाहीत. "उद्या जाऊन इचारतो, पास्कल काय येडा हाय का," एवढंच म्हणाले.

मी वही घेऊनच बसले होते. म्हटलं, "बाबा, अजिबात जायचं नाही. आपण गेलो तर आपण कमजोर आहोत असं दिसेल. त्यांनी दोन ठोकले ना? आपण चार ठोकायचे. धाक बसला की ते आपोआप मागे सरतील. आइसलँडने हेच केलं."

"कोणी?"

"एक गाव आहे, बाबा. लांब आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या मुलीचा शब्द म्हणजे काहीतरी असेलच, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला आजही दिसतं. त्यांनी दोन काकांना घेऊन चार खुंट ठोकले. पुढच्या भांगाला पास्कलकाकांनी सहा ठोकले. आम्ही आठ. ऑक्टोबर संपेपर्यंत तिथे समुद्रात रान उगवलं. जाळी एकमेकांत अडकायला लागली, ओढ अडली, मासळीने वाट बदलली. मग एका सकाळी आमच्या जाळ्याचे दोर तुटलेले निघाले. गावात बोंब झाली की त्यांनी कापले. दोन दिवसांनी त्यांच्या गावात तीच बोंब आमच्या नावाने झाली. काकांनी बोटीत कोयते ठेवायला सुरुवात केली.

नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी बाबा रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून माझ्यापाशी बसले. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाय, नाताळापर्यंत बघतो. न्हाय जमलं तं जानेवारीपासून बाजारात बस. मी तरी काय करू?" कव मी घालवली होती, आणि कॉलेजही मीच.

शनिवारी वर्ग सुटल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. दोन, चार, सहा, आठ ऐकत असताना बाईंचे डोळे मोठे होत गेले आणि त्या एकदम उठल्याच. "अगं ही सुरक्षेची कोंडी हाय! एकजण भीतीपोटी तयारी करायलाय, दुसऱ्याला ती चढाई वाटायलीय! लेकरा, आम्ही पुस्तकात वाचलं, तू समुद्रात उभी केलीस!" मग त्यांचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं. मी रडत होते. त्या माझ्याच बाकावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "यात निम्मी चूक माझी आहे. मी तुला पहिला धडा शिकवला आणि दुसरा शिकवायच्या आत तू लढाईवर गेलीस. उद्या रविवार. मी पालीला येते."

मराठवाड्यातल्या बाईंनी समुद्र पाहिला होता तो लांबून. त्या सकाळच्या बसने आल्या, पालीच्या बोळांतून स्कूटरींना चुकवत घरी पोचल्या आणि चहाचा घोट घेऊन बाबांना म्हणाल्या, "मला सीमा दाखवा." बाबा नको नको म्हणत असताना बोटीत चढल्या. अर्ध्या वाटेत त्यांना उलट्या सुरू झाल्या. बोटीच्या काठाला धरून ओकायच्या, तोंड पुसायच्या आणि विचारायच्या, "मग यांची जागा संपते कुठे आणि त्यांची सुरू होते कुठे?" पुन्हा ओकायच्या. बाबा मला हळूच म्हणाले, "ही बाय जिद्दीची हाय." आमच्या घरात यापेक्षा मोठी पदवी नाही.

घरी ओट्यावर बसल्यावर बाबांनी त्यांना समजावलं. समुद्रात रेघ मारता येत नाही, तेव्हा किनाऱ्यावरच्या दोन खुणा बघायच्या, एक जवळची आणि एक मागची. त्या दोन्ही एकापुढे एक आल्या की आपण आपल्या रेघेवर. बाबांनी दोन काड्यापेट्या ओट्यावर मांडून दाखवल्या. मागची काड्यापेटी बोटभर सरकवली आणि म्हणाले, "ही हिथं येवढीशी सरकली ना, तं तिथं समुद्रात माणूस दुसऱ्याच्या कवीत जातो." बाई पुढे वाकून बघत होत्या. शिकवणारे आता बाबा होते आणि वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे बाई.

मग त्यांनी असं काही विचारलं की ओट्यावर जमलेले काका एकमेकांकडे बघायला लागले. "आणि पास्कलकाकांच्या खुणा कुठल्या?"

आमच्यात खुणा बापाने मुलाला सांगायच्या असतात. त्या कुणी दुसऱ्याला सांगत नाही आणि दुसऱ्याच्या कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे चोरीचा इरादा. बाबा अवघडून म्हणाले, "मॅडम, ते इचारायचं नसतं."

"मला ठाऊक नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण न विचारता तुम्हाला कसं कळलं की ते मुद्दाम आले?"

तेवढ्यात आतून, मासळी साफ करता करता, आई म्हणाली, "मला ठाव हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. आई आणि पास्कलकाकांची बायको मोनिकामावशी बारा वर्षं एकाच टेम्पोने भायंदरला मासळी न्यायच्या. बर्फ अर्धा अर्धा घ्यायच्या, बाजारात शेजारी बसायच्या. त्या दोन महिन्यांतही त्यांचा टेम्पो काही वेगळा झाला नव्हता. समुद्रात नवरे खुंट ठोकत होते आणि इकडे या दोघी एका डब्यातलं जेवत होत्या, आणि हे आम्हाला कुणालाच दखल घेण्यासारखं वाटलं नव्हतं.

"मोनिका पावसाआधीपासून रडते," आई म्हणाली. "टेकडीवर बंगला बांधतात, त्यांनी उंच ताड तोडला. पास्कलचा बापूस त्यो ताड बघून जायचा. आता पास्कलनं बाजूचा ताड धरलाय. म्हणते, जाळं कंदी बरोबर बसत न्हाय, काय झालंय कळत न्हाय."

बाबांनी मान खाली घालून काड्यापेट्यांकडे पाहिलं. मागची काड्यापेटी अजून सरकलेलीच होती.

"तू आधी का नाही सांगितलंस?" मी आईला विचारलं.

"मला कोणी इचारलं?" आई म्हणाली.

बाई उठून आत गेल्या, आईच्या समोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पर्समधून वही काढली. परत जाताना बसमध्ये चढेपर्यंत त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "टेम्पो कुठल्याच पुस्तकात नाही गं. टेम्पो कुठेच नाही!"

आईने मोनिकामावशीला सांगितलं, मोनिकामावशीने नवऱ्याला. पुढच्या रविवारी दोन्ही गावांच्या मधल्या वाळूच्या पुळणीवर बैठक ठरली. बाईंना दोन्हीकडून बोलावणं गेलं. त्यांच्यासाठी कुणीतरी लोखंडी घडीची खुर्ची आणून मधोमध मांडली. बाईंनी ती घडी करून एका होडीला टेकवून ठेवली आणि आम्हा बायकांत येऊन बसल्या.

एक तास नुसती आरडाओरड झाली. तुम्ही दोर कापले, नाही तुम्ही कापले. शेवटी एका म्हाताऱ्याने दोर मागवून बघितले. ते कापलेले नव्हतेच. खुंटांच्या गर्दीत एकमेकांवर घासून तुटले होते. मग आवाज खाली आला आणि पास्कलकाका बाईंकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा, कव कोणाची? आमी ऐकतो."

आमचे काकाही म्हणाले, "हा, मॅडम सांगतील ते मान्य."

मला वाटलं, झालं, सुटले! बाईंनी एक शब्द बोलायचा आणि माझं कॉलेज वाचायचं. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी नाही सांगणार."

मी आईचा दंड घट्ट धरला.

"मी आज निकाल देईन आणि चारच्या बसने निघून जाईन. उद्या तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, ती कोण लागून गेली? आणि मला समुद्रातलं काही कळत नाही. माझी एकच अडचण आहे, ती तुम्ही दोघं मिळून सोडवा. समुद्र एक, माणसं दोन्हीकडची प्रामाणिक, मग रेघा दोन कशा?"

बाबा कितीतरी वेळ वाळू मुठीत धरून बसले होते. मग ते पुढे सरकले आणि वाळूत बोटाने दोन ठिपके काढले. काका ओरडले, "दादा, काय करतो!" मला कळलं बाबा काय करताहेत ते. आजोबांनी मरताना फक्त त्यांच्या कानात सांगितलेल्या खुणा ते परक्या गावासमोर उघड करत होते. पास्कलकाका दगाबाज निघाले असते तर आमची कव कायमची गेली असती, आणि कव गेली की मीही टोपलीमागे. बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ही देवळाच्या मनोऱ्याची खूण. ही मागं दीपगृहाची. ह्या रेघंवर माझा खुंट. आता तू सांग, पास्कल. न्हाय सांगितलं तरी चालंल."

पास्कलकाका त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. मग ते गुडघ्यावर बसले, त्यांनी एक ठिपका काढला, "ह्यो पाण्यातला खडक," दुसरा काढला, "ह्यो ताड." आणि स्वतःच तो दुसरा ठिपका तळहाताने पुसला. "ताड न्हाय हाय आता."

त्यांनी बाजूला आताच्या ताडाचा ठिपका काढला आणि बाबांनी दोन्ही जोड्यांतून रेघा ओढल्या. वाळूतल्या त्या दोन रेघा बरोबर तिथेच एकमेकींना छेदत होत्या जिथे समुद्रात खुंटांचं रान उभं होतं. कुणीतरी हसलं. मग पास्कलकाका हसले, बाबा हसले, आणि बायकांनी तर हसून गोंधळच केला. मी वळून बाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. पदराने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने वहीत भराभर काहीतरी लिहीत होत्या.

पुढच्या भांगाला दोन्ही गावांनी मिळून जादा खुंट उपटले. टेकडीवरच्या एका मोठ्या खडकाला चुना फासून दोघांनी सामाईक खूण केली. नाताळच्या आधी आमच्या जाळ्यात इतके बोंबील आले की वाळवायला दोऱ्या पुरेनात. बाजारात बसायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

नाताळात सोव्हिएत युनियनच संपलं. नंतरच्या शनिवारी जिग्नेश उतरलेल्या चेहऱ्याने उभा राहिला. "मॅडम, मेरा देश ही नहीं रहा. अब मैं क्या करूँ?" आम्ही हसून हसून बाकांवर आडवे झालो. बाई मात्र वेड लागल्यासारख्या खूश होत्या. त्यांनी स्वतःच्या नोट्सचा गठ्ठा आमच्यापुढे धरला. "हे सगळं जुनं झालं! दहा वर्षांचा अभ्यास! ज्यांनी ही पुस्तकं लिहिली त्यांच्यातल्या कुणालाच हे दिसलं नव्हतं! अरे, किती भाग्यवान आहात, तुम्ही शिकायला बसलात आणि विषयच नव्याने सुरू झाला!" स्वतःची मेहनत वाया गेल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही. जिग्नेशला त्यांनी पंधरा देश देऊन टाकले. बिचारा मार्चपर्यंत पंधरा बाजूंनी बोलत होता.

मी पहिल्या वर्गात पास झाले. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला बाबा म्हणाले, मी पण येतो. ते कधी कॉलेजात आले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घातला, चपला पुसल्या आणि निवडक सुक्या बोंबलांचं एक मोठं पुडकं घेतलं. बसमध्ये त्यांनी ते मांडीवरून खाली ठेवलं नाही. मॅडमना काय सांगायचं ते त्यांनी तीनदा बोलून पाहिलं. कव बरी चाललीय, पोरगी पुढं शिकणार, पास्कलच्या पोराची आमच्याकडे मागणी आलीय, पुतणीसाठी.

ऑफिसातल्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "त्या मॅडम आता नाहीत. तासिका तत्त्वावर होत्या. वर्ष संपलं, नेमणूक संपली."

"पुन्हा कधी येतील?" मी विचारलं.

"दुसरे आलेत त्यांच्या जागी. त्या बहुतेक गावाकडे गेल्या. पत्ता नाही आमच्याकडे."

आम्ही केबिन रोडच्या मागच्या खोलीवर गेलो. तिथे नवीन भाडेकरू राहायला आले होते. शेजारणीने सांगितलं, मे महिन्यातच गेल्या, पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या, बाकी काही सामान नव्हतं. शेवटच्या शनिवारी बाईंनी आम्हाला नेहमीसारखं शिकवलं होतं, नेहमीसारखे केस पांढरे केले होते, आणि "जून महिन्यात काय होतंय ते बघू" एवढंच म्हणाल्या होत्या. मी जगाचं बोलताहेत असं समजले होते.

परत कॉलेजात येऊन आम्ही पायरीवर बसलो. फॉर्म भरायचा राहिला होता. मला रडायचंही होतं आणि कुणावर तरी ओरडायचंही होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं. बाबांनी पुडकं बाजूला ठेवलं, माझ्या हातातला फॉर्म बघितला आणि रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवून विचारलं, "हिथं काय लिवतात?"

"विषय, बाबा. कुठले घ्यायचे ते."

"मॅडमचा कंचा?"

"पॉलिटिक्स."

"त्यो लिव पयला."

मी लिहिला. बाबांनी खाली सही केली. मग आम्ही दोघं बराच वेळ त्या पायरीवर तसेच बसून राहिलो, कारण दोघांनाही हे बाईंना सांगायचं होतं आणि सांगायला बाई नव्हत्या.